मुलगा पहिलीत जातोय, पण अंगणवाडी सोडायला तयार नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही हर्णैजवळच्या एका वाडीत राहतो. मुलगा या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाईल. अंगणवाडी आमच्या मागल्या दारी, शाळा पऱ्यापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे.

अक्षरं-आकड्यांची मला काळजी नाही. शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा झाला (त्यात पहिलीत येणाऱ्या मुलांची तयारी वेगवेगळ्या टेबलांवर बघतात) तेव्हा त्याने उड्या मारल्या, चिंचोके पटापट मोजले. सामाजिक-भावनिक विकासाच्या टेबलापाशी मात्र माझ्या ओढणीआड लपला, तोंडच उघडेना.

दिवसभर खेळतो. रात्री दिवा मालवला की सुरू होतं: "बाईंना माझं नाव माहितीय? शी लागली तर कोणाला सांगू? चड्डीची नाडी सुटली तर?" अंगणवाडीतल्या ताई त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायच्या. शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसतात, मोठ्या मुलांची त्याला धास्ती आहे. त्यात येणारा-जाणारा म्हणतो, "आता छडी मिळेल हं!" मला फार राग येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे, मग पोराला आधीच कशाला घाबरवायचं?

आता खरी अडचण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्याचे बाबा घरी असतील. ते म्हणतात, "दोन महिने मीच सोडीन, मीच आणीन." पण ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली की ते चार-चार दिवस समुद्रात. नुकता रुळलेला मुलगा तेव्हा पुन्हा बिथरेल, असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून शेजारच्या तिसरीतल्या मुलीबरोबर पाठवावं का? पण बाबांचा हात धरून शाळेत जायचं त्याने मनात धरलंय, ते मोडायला जीव होत नाही. निदान जुलैत बाबांनी पऱ्यापर्यंतच जावं आणि पुढे ती मुलगी, असं कुणी केलंय का?

ताई म्हणाल्या, "शाळा सुटली की घटकाभर येऊ दे इकडे." याने बरं वाटेल की तो तिथेच अडकून राहील?

शाळा उघडायच्या आधी बाईंना भेटवून संडास, नळ, बसायची जागा दाखवून आणणार आहे. आणखी काय दाखवू? बोटीवर जाणाऱ्यांच्या घरातून कुणी यातून गेलं असेल, किंवा पहिलीला शिकवणाऱ्या बाई-गुरुजी इथे असतील, तर कृपया लिहा.