कार्यक्रमात राबलेल्या माणसांना आभाराची भेट काय द्यावी? (३५ जण, माणशी २०० रु., कोल्हापूर)

राजारामपुरीची_वहिनी
नमस्कार मंडळी. आमचा काही कुटुंबांचा ग्रुप आहे. दर जानेवारीत गाण्यांचा कार्यक्रम आणि जेवण ठेवतो, आणि तिकिटं नि देणग्यांतून जमलेला निधी गरजू मुलांच्या फी-पुस्तकांना जातो. पूर्वी केशवराव भोसलेत व्हायचा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृहाला आग लागल्यापासून शाहू स्मारकला करतो. यंदा निधी चांगला जमला. पण त्यामागं ३५ माणसं राबली: तिकीटविक्री, पावत्या, स्टेज, पार्किंग, वाढप. दरवर्षी आम्ही गुलाब आणि पेन देतो. यंदा एकीनं पेन परत माझ्याच हातात ठेवलं, "वहिनी, ड्रॉवर भरलाय ह्यांनी." आता वेगळं काहीतरी द्यायचंय. माणशी २००, एकूण ७,०००. वर एक रुपया नाही. आमचे हे म्हणतात स्टीलचे डबे द्या. मला ते आहेर केल्यासारखं वाटतं. सुचवा.

चप्पल_लाईन
कोल्हापुरात राहून हे विचारताय? कोल्हापुरी चप्पल द्या, विषय संपला. माझा जोड बघा, वर्षानुवर्षं घालतोय. अधूनमधून तेलाचं बोट फिरवायचं, पावसात घालायची नाही, बास.

राजारामपुरीची_वहिनी
दोनशेत कुठली येते दादा? आणि ३५ जणांची मापं कोण घेणार?

चप्पल_लाईन
दोनशेत येते ती रेक्झिनची, ती न दिलेली बरी. बजेट वाढवा की. सातशे-आठशेपासून बरी सुरू होते.

अथणीचा_पावणा
चांगली हवी असेल तर अथणीहून मागवा. अर्ध्या 'कोल्हापुऱ्या' तिथल्याच असतात. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तुमचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आमचे.

चप्पल_लाईन
आला का सीमाप्रश्न! २०२५ ला प्राडानं मिलानमध्ये रॅम्पवर आणली तेव्हा सगळं जग कोल्हापुरी म्हणालं. अथणी म्हणालेलं कुणी ऐकलं काय?

अथणीचा_पावणा
नाव तुमचं, हात आमचे. एवढंच सांगायचं होतं.

व्यवस्थापक
हा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या. इथं बाईंना भेटवस्तू सुचवायची आहे.

गुऱ्हाळवाला_नाना
गूळ द्या. हंगाम सुरू आहे, ताजा मिळेल. किलोची भेली दोनशेच्या खूप आत बसते. फक्त पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरीचा असतो. बिनरसायनी गूळ तांबूस-काळपट दिसतो, लोक नाक मुरडतात, पण चव त्यालाच. वापरा नाहीतर हवाबंद ठेवा, पावसाळ्यात पाझरतो.

डायबेटिसवाले_काका
तुमच्या ३५ मधले निम्मे पन्नाशीपुढचे असणार. त्यांना गूळ? मला एका कार्यक्रमात काजूकतली दिली होती, शेजारच्यांनी खाल्ली.

आजऱ्याची_लेक
मग घनसाळ तांदूळ द्या. आमच्या आजऱ्याचा, २०१६ पासून जीआय आहे. शिजला की वास शेजारच्या घरात जातो. फक्त दुकानदार ओळखीचा हवा, नाव घनसाळ नि आत भलतंच असं फार चालतं.

डायबेटिसवाले_काका
भात पण नको.

तालमीचा_गडी
अवो वस्तू कशाला, श्रमपरिहार करा! तांबडा, पांढरा, सुकं मटण, पोटभर. आमच्या मंडळात गणपती झाला की पोरं त्याचीच वाट बघतात. वस्तू कोण लक्षात ठेवतंय, जेवण लक्षात राहतं.

मीठ_मसाला
आणि ते जेवण कोण करतं? आमच्याकडच्या श्रमपरिहाराला कार्यक्रमात राबलेल्या बायकाच परत भाकऱ्या थापायला. पुरुष पानावर बसून "वहिनी, रस्सा झक्कास झालाय" म्हणत होते. श्रम आमचे, परिहार त्यांचा. आचारी सांगणार असाल तरच करा, आणि दोनशेत मटणाचं ताट बसवून दाखवा. शाकाहारी किती तेही विचारा आधी.

तालमीचा_गडी
मग मिसळ करा. सकाळी मिसळ, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध. दोनशेत दोन्ही बसतंय. नाद खुळा!

पुण्यात_अडकलेला
ते दूध पिऊन मी पुढचा दिवस घरातच काढला होता. पण मिसळीला माझं मत. इथं पुण्यात मिसळीच्या नावाखाली काय मिळतं ते सांगत नाही.

निवृत्त_हेडमास्तर
वाचत होतो. वस्तू कुठलीही द्या, सोबत प्रत्येकाला हातानं लिहिलेल्या चार ओळी द्या. छापील "आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल" नको. त्या माणसानं नेमकं काय केलं ते लिहा: "तुम्ही ऐनवेळी दुसऱ्या माईकची वायर आणलीत म्हणून गाणं थांबलं नाही." आमच्या संस्थेत स्टेजवरून नावं वाचली, त्यात एक नाव राहिलं. गेटवर उभा असलेला मुलगा, त्यानं कार्यक्रम ऐकलासुद्धा नव्हता. पुढच्या वर्षी तो आला नाही, त्याचे दोन मित्रही आले नाहीत. यादी एकानं करू नये. तिकीट, स्टेज, स्वयंपाक, पार्किंग, प्रत्येक ठिकाणच्या एकेकाला विचारून करावी. आणि आठवड्याभरात द्या, होळीपर्यंत लांबवलं की आभाराची हवा जाते.

तालमीचा_गडी
सर बरोबर बोलले. पण मिसळ पण ठेवा.

हिशेबनीस_लक्ष्मीपुरी
एक मुद्दा कुणीच काढला नाही. हे ७,००० देणगीतून जाणार असतील तर जपून. माणसं मुलांच्या फीला पैसे देतात, डब्यांना नाही. कार्यक्रमाचा खर्च म्हणून वेगळा दाखवा, बिलं ठेवा. आणि आयकर सवलतीच्या, ८०जीच्या पावत्या देत असाल तर रोख देणगी २,००० च्या वर असली की देणाऱ्याला वजावट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा. मार्चमध्ये सगळे माझ्याकडं रडत येतात.

राजारामपुरीची_वहिनी
देणगीला हात लावत नाही हो. कमिटीतले सातजण हजार-हजार काढतो. म्हणूनच वर एक रुपया नाही म्हटलं.

हिशेबनीस_लक्ष्मीपुरी
मग उत्तम. तरी बिलं ठेवा.

बीकॉम_दुसरं_वर्ष
आमच्यासारखी कॉलेजची पोरं असतील तर प्रमाणपत्र द्या ना. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला १२० तास भरायचे असतात. कुठलं काम, किती तास, तारीख, सही-शिक्का एवढं लिहून दिलं तर सरांना दाखवता येतं. तास धरायचे का ते सर ठरवतात, पण कागद हवा. "उत्कृष्ट कार्यकर्ता" लिहिलेलं फ्रेमवालं नको, ते आईनं माळ्यावर टाकलंय.

चप्पल_लाईन
फ्रेम नको, पेन नको, गूळ नको. शेवटी चप्पलच राहिली बघा.

मीठ_मसाला
डबे तेवढे देऊ नका. माझ्याकडं मांडणीभर पडलेत.

आजऱ्याची_लेक
हो, डबे नकोतच.

राजारामपुरीची_वहिनी
सगळ्यांचे आभार. डबेच घेतले!

सांगते कसं झालं. हिशेबाच्या बैठकीला वाढपातल्या बायका आल्या होत्या, त्यांनाच सरळ विचारलं. म्हणाल्या, डबा द्या, पण नाव घालून द्या. शेजारी भाजी पाठवली, डोहाळजेवणाला लाडू पाठवले, की बिननावाचा डबा परत येत नाही. भांड्याच्या दुकानात ३५ नग म्हटल्यावर १८० ला दिला, नाव कोरणं त्यातच. तो पोरगा मशीन हातात धरून टिंबाटिंबांची अक्षरं काढत होता आणि आमची कमिटी बायकांच्या नावाआधी 'सौ.' घालायचं की नाही यावर भांडत होती. शेवटी नुसती नावं घातली. चार पुरुषांनी फोनवर सांगितलं, आमच्या डब्यावर बायकोचं नाव घाला. म्हटलं, राबलात तुम्ही, नाव तुमचंच.

मास्तर, चिठ्ठ्या लिहितोय. यादी तुमच्या पद्धतीनं फिरवली तर पार्किंगचे दोघं राहिलेले सापडले, मग डबे ३७ झाले. कॉलेजच्या पोरांना तासांचं प्रमाणपत्र वेगळं.

हिशेबनीस_लक्ष्मीपुरी
३७ गुणिले १८० म्हणजे ६,६६०. बजेटच्या आत बसलेला या धाग्यावरचा पहिलाच आकडा.

चप्पल_लाईन
डबेच घ्यायचे होते तर आम्हाला विचारलं कशाला?

गुऱ्हाळवाला_नाना
भांडं रिकामं देऊ नये. उरलेल्या पैशात गुळाचा खडा तरी घाला.

डायबेटिसवाले_काका
फुटाणे घाला.

मीठ_मसाला
नाव घातलेला असेल तर मग ठीक आहे. झाकण आवळ बसतंय ना? आमटी नेताना कळतं.

राजारामपुरीची_वहिनी
दुकानातच पाणी भरून उलटे करून बघितले. दोन गळले, बदलून घेतले.