नाईलच्या बोटीवरचा एक दिवस : तुमचा अनुभव सांगा

येत्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन इजिप्तमधल्या लक्सर ते आस्वान क्रूझला निघतेय. देवळांची माहिती वाचून झाली. मला हवाय तो तुमचा एखादा दिवस : काय पाहिलंत, कुणाच्या घरी गेलात, काय खाल्लंत, कुठे मन खट्टू झालं. मनमोकळं लिहा.

*

आम्ही चौघं आणि आई, वय 71. एडफूला पहाटे साडेपाचला उतरलो. धक्क्यापासून देवळापर्यंत टांगे असतात. आमच्या घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि टांगेवाल्याचा चाबूक काही थांबेना. आईने अर्ध्या वाटेत टांगा थांबवायला लावला, ठरलेले सगळे पैसे दिले आणि आम्ही पुढे चालत गेलो. तुम्ही आदल्या रात्रीच गाइडला मोटार सांगून ठेवा.

देऊळ मात्र डोळ्यांत मावत नाही. बांधकाम इ.स.पू. 237 मध्ये सुरू झालं, संपलं इ.स.पू. 57 मध्ये. नंतर शतकानुशतकं वाळूत बुजलेलं होतं, म्हणून तर छतासकट शाबूत राहिलं. आत आत जावं तसा उजेड कमी होतो, छत खाली येतं आणि शेवटी गाभारा, त्यात एकसंध दगडातून कोरलेला देव्हारा. डेंडेराची हाथोर देवी दरवर्षी बोटीतून इथल्या होरस देवाच्या भेटीला यायची, काठाकाठाने लोक जमायचे, पंधरवडाभर उत्सव चालायचा, असं गाइड सांगत होता. आई गुहागरकडची. म्हणाली, "अगो, शिमग्यात आमच्या पालख्या भेटतात, तसंच की हे!" आणि चपला काढून त्या रिकाम्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

*

एस्नाचं लॉक, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाजांचा कालवा, चुकवू नका. बोट तिथे थांबली की वल्ही मारत छोट्या होड्या येतात, दोर टाकून आपल्या बोटीला चिकटतात, आणि खालून झगे, शाली, टेबलक्लॉथ पिशवीत घालून थेट डेकवर फेकतात. घासाघीस ओरडून करायची. पटलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर माल परत फेकायचा. माझ्या बायकोने चार वेळा पिशवी परत फेकली, चारही वेळा त्या पोराने उभ्या-उभ्या अचूक झेलली, होडी हलत असताना. पाचव्यांदा घेतला टेबलक्लॉथ.

*

मी सांगलीकडचा, ऊस लावणारा. कोम ओंबोच्या वाटेवर काठाने ऊस दिसला आणि डेकवरून हललोच नाही. संध्याकाळी देऊळ पाहिलं : मगरीच्या रूपातला सोबेक आणि थोरला होरस, दोन देव, दोन दारं, दोन गाभारे. बाकीची मंडळी शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी बघायला गेली. मी अडकलो विहिरीपाशी. गोल, दगडी, आत पायऱ्या उतरलेल्या. नदीला पूर आला की पाणी इथे चढायचं, आणि किती चढलं त्यावरून पीक किती येणार, सारा किती घ्यायचा ते ठरायचं. पाणी कमी चढलं तर उपासमार, जास्त चढलं तर गावं पाण्यात. 2019 च्या पुरात आम्ही रात्रभर एकमेकांना फोन करून आयर्विन पुलाची पातळी विचारत होतो. कठड्याला धरून वाकलो तेव्हा तीच रात्र पोटात आली. गाइडने दोनदा हाक मारली, मला ऐकूच गेली नाही.

*

माझं माहेर उजनीच्या बुडित क्षेत्रातलं. आस्वानहून मोटरबोटीने गर्ब सोहेल या नुबियन (दक्षिण इजिप्तमधल्या मूळ रहिवाशांच्या) गावात गेलो. निळी-पिवळी घरं, अंगणात स्वच्छ वाळू पसरलेली. एका घरात बसलो, तर उन्हात फुगवून भाजलेली भाकरी, पांढरं चीज आणि काकवी पुढे आली. खरंच काकवी, उसाचीच! बरोबर गार करकडे, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

घरची बाई माझ्या हातावर मेंदी काढत होती. बोलता बोलता म्हणाली, आजीचं गाव धरणात गेलं. आस्वानचं ते उंच धरण (हाय डॅम) 1960 ते 1970 या काळात बांधलं. पाण्याखाली जाणारी अबू सिम्बेलची प्राचीन देवळं कापून, उचलून वर नेली, त्यासाठी जगभरातून पैसा आला. माणसांना कोम ओंबोकडच्या वसाहतींत हलवलं, नदीपासून दूर. मी गाइडमार्फत सांगितलं, की आमच्याकडे पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आई बघायला जाते. तिने विचारलं, "आणि घरं?" म्हटलं, जोती दिसतात. तिने मेंदीची नळी बाजूला ठेवली आणि माझा हात तसाच धरून बसली, बराच वेळ.

आमच्या गटातल्यांना निघायची घाई होती, म्हणून एकच हात रंगला. तुम्ही जाल तेव्हा त्या गावासाठी तासाभराची फेरी घेऊ नका, अख्खी दुपार ठेवा.

*

आईबाबांसाठी एवढंच : सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. 'बक्षीश' तिथेही म्हणतात, अर्थही तोच. आणि सकाळी लवकर उतरायचं असतं, तेव्हा डिसेंबरात डेकवर चांगलाच गारठा असतो, दोघांनाही स्वेटर आणि कानटोपी हवी.