बैठकीत माना डोलतात, वाटीत मात्र पातळ पेजच

शेवगा:
नमस्कार. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात मी दोन वर्षांपासून अंगणवाडी सेविकेच्या मदतीने ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या मुलांच्या मातांच्या बैठका घेते. आमच्याकडील तक्त्यावर सफरचंद, बदाम आणि दुधाचा पेला आहे. पाड्यावर यांतले रोज काहीच मिळत नाही. माता निमूटपणे ऐकतात, माना डोलावतात आणि घरी बाळाच्या वाटीत पुन्हा तांदळाची पातळ पेजच असते. ज्या कुटुंबाची भिस्त रेशनच्या धान्यावर आहे, त्याला पोषणाविषयी नेमके काय सांगावे?

निवृत्त पर्यवेक्षिका:
ताई, तक्ता गुंडाळून ठेवा आणि बैठक कोणाच्या तरी चुलीपाशी घ्या. बाळाने काल सकाळपासून काय काय खाल्ले, एवढेच मी आधी विचारत असे आणि बोलणे तेथूनच सुरू होई. सात-आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळी जेमतेम अर्धी वाटी जाते. त्यातली बहुतेक जागा पाण्यानेच अडवली, तर पोट भरते पण अंगी काही लागत नाही. हे तोंडी सांगून पटत नाही. एका चमच्यात पेज घ्या, दुसऱ्यात कुस्करलेला वरणभात घ्या आणि दोन्ही चमचे सर्वांसमोर तिरके करा. पेज घरंगळून जाते, भात चमच्यातच राहतो. त्यात लहान चमचाभर तेल घातले की सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. नागलीचे (नाचणीचे) पीठ, उडीद, शेवग्याचा पाला, धुऊन भाजून बारीक कुटलेला जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) हे सर्व तुमच्याच भागातले आहे. सफरचंदाची आठवणसुद्धा काढू नका.

वाडीवस्ती:
पद्धत उत्तम आहे, परंतु सारा दोष आईच्या अज्ञानाचा आहे असे गृहीत धरू नये. ती सकाळी सातला मजुरीला गेली की बाळ आजीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे असते, म्हणजे आपण ज्यांना शिकवतो त्या भरवतच नाहीत. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि तेथे रडणाऱ्या मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो. आम्ही निघण्यापूर्वीच नागली आणि डाळ भाजून, दळून डब्यात भरून देतो. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार दिवसाला ५०० कॅलरींच्या हिशेबाने एका बाळासाठी असतो. घरातली चार मुले ते पाकीट वाटून खातात, म्हणून आईला दरडावण्यात मात्र काही अर्थ नाही. भूक चौघांनाही असते.

शेवगा:
दोघांचेही आभार. काल चमच्यांचा प्रयोग केला आणि तीन आज्यांना मुद्दाम बोलावले. एकीने स्पष्ट सांगितले, ‘‘घट्ट दिले तर घशात अडकेल.’’ मला उत्तर सुचले नाही.

निवृत्त पर्यवेक्षिका:
त्यांची भीती रास्त आहे, तिला हसू नये. भात आणि डाळ अगदी गुरगुटी शिजवून गाळणीवर घासून घ्यावी, म्हणजे एकही शीत अखंड राहत नाही. सैल करायचेच असेल तर साध्या पाण्याऐवजी आईचे दूध किंवा दाट वरण वापरावे. बाळाला आडवे न ठेवता मांडीवर बसवून भरवावे आणि पहिला घास त्याच आजींच्या हातून द्यायला लावावा.