मदत हवी आहे : मालवणहून दक्षिणेकडचं खोल आकाश टिपायचं आहे

खारावारा : जागा मालवण, अक्षांश १६. क्रॉप सेन्सरचा साधा कॅमेरा, २०० मिमी लेन्स, स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र). ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, सेंटॉरस ए ही दीर्घिका, कॅरिना तेजोमेघ आणि जमलाच तर मोठा मॅगेलनी मेघ (आपल्या शेजारची छोटी दीर्घिका) हवाय. दिवस कोणते धरू? ध्रुवतारा माडांच्या आड जातो, मग ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायच्या अलाइनमेंटचं काय करू?

कातळसडा : मॅगेलनी मेघाचा नाद सोडा. तिथून तो जेमतेम ४ अंश वर येतो, क्षितिजावरच्या धुरकटातून काही हाती लागत नाही. बाकीचे नक्की मिळतील : कॅरिना १४ अंश, ओमेगा २६, सेंटॉरस ए ३१.

चैत्री अमावस्या धरा. एप्रिलच्या मध्याला कॅरिना पावणेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असतो, ओमेगा साडेबाराच्या आसपास. अमावस्या १५ दिवस उशिरा आली तर दोन्ही वेळा तासभर अलीकडे येतात. काळोख पडला की आधी कॅरिना उरका, साडेदहाला ओमेगाकडे वळा. सेंटॉरस ए त्याच्या साडेचार अंश उत्तरेला आहे. फ्रेमची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तर २०० मिमीत दोघं एकत्र मावतात. एफ/४, आयएसओ ८००, ६० सेकंदांच्या निदान ६० फ्रेम घ्या.

किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, आपल्याला मोकळी हवी दक्षिण. म्हणून पुळणीपेक्षा वरचा सडा बरा. तिथे खाऱ्या पाण्याचे तुषार कमी, आणि ध्रुवताराही बहुधा दिसेल. नाहीच दिसला तर लॅपटॉपवर निना हे खगोल फोटोग्राफीचं सॉफ्टवेअर घेऊन थ्री पॉइंट अलाइनमेंट करा (आकाशाचे तीन जागी फोटो घेऊन ते अक्षाची चूक दाखवतं), अक्ष हाताने फिरवला तरी चालतो.

खारावारा : ड्युअल बँड फिल्टर (तेजोमेघाच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) सगळ्यांना लावू का?

कातळसडा : फक्त कॅरिनाला. गुच्छ आणि दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टरने तोच कापला जातो.

दवबिंदू : दवाची तयारी आधी करा, रात्र वाया जाते ती त्यानेच. हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या काचेजवळ बांधा आणि सुरुवातीपासून चालू ठेवा. काच धुरकटल्यावर लावली तर सुकेपर्यंतच्या फ्रेम फुकट. पट्टीने लेन्स तापते आणि फोकस सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) लावून पुन्हा जुळवा. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, बॅग बंद ठेवून पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, नाहीतर लॉकचे स्क्रू गंजून अडकतात.