दिवा बंद तिथेच ढीग, तिथेच चोर

साखळीचोरी पोलिसांनी बघावी, कचरा महापालिकेने, दोन्हींची सरमिसळ नको, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. नवी मुंबईत कोपरखैरण्यात आमच्या मागच्या रस्त्यावर नाल्याच्या कडेला रात्री टेम्पो येऊन डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकून जायचे. ढीग वाढला तशी लोकांनी ती वाट सोडली. मग खांबावरचा दिवा गेला तरी कुणाला पत्ता नाही, आणि क्लासहून येणाऱ्या मुलींना नेमका तिथेच त्रास सुरू झाला.

सोसायटीतल्या बायकांनी अर्ज दिला तो मोघम नव्हता. खांबाचा नंबर, टेम्पो यायची वेळ, नंबरप्लेटचा फोटो, सगळं त्यात होतं. तोच कागद महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि पोलीस ठाण्यातही दिला, दोन्हीकडे पोच घेतली. आधी दिवा लागला, ढीग बऱ्याच उशिरा उचलला गेला. पण माणसं पुन्हा त्या वाटेने जायला लागली ती दिव्यामुळेच.

आणि हे डेब्रिज येतं कुठून? आपल्याच घरांच्या रिनोव्हेशनमधून! 2016 च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांनीच त्याची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्यावर टाकली होती. कंत्राटदाराला पैसे देण्याआधी माल कुठे टाकला ते विचारा.

साखळी खेचली गेली तर लगेच 112 वर फोन करा. नुसती 'गहाळ' म्हणून नोंद करून परतू नका. 1 जुलै 2024 पासून हिसकावून चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एफआयआरच मागा.