गणपतीसाठी गावचं घर उघडायचंय आणि पडवीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे, काय करू?

डोंबिवलीचा चाकरमानी:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुकभूल समजून घ्या. आमचं घर कुडाळ तालुक्यात, वर्षातले दहा महिने बंदच, बाजूला चुलतकाका राहतात ते संध्याकाळी दिवाबत्ती करतात तेवढंच. काल काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, ज्या खोलीत गणपती बसतो तिच्या दाराबाहेरच पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं लागलंय. राखाडी रंगाचं, साधारण बशीएवढं, षटकोनी भोकं खाली तोंड करून आणि त्यावर तीसेक माश्या बसलेल्या. जमिनीपासून आठनऊ फूट असेल. आता चतुर्थीला बारा दिवस राहिलेत, आम्ही आदल्या चार दिवसांत पोचणार, घरात चौदा माणसं, त्यात माझी मुलगी चार वर्षांची आणि आई एकाहत्तरची, तिला हार्टच्या गोळ्या चालू आहेत. माटवी (गणपतीवर फळं-पानं टांगायचं लाकडी छत) बांधायला, आरतीला, जेवणाच्या पंगतीला सगळ्यांची ये-जा त्याच दारातून.

काका म्हणतायत चूड पेटवून दोन मिनिटांत जाळून टाकतो, आमचे आजोबा तेच करायचे. पण मला त्याची धास्ती वाटतेय, वर सगळं लाकूड आहे. तिकडे आत गावात यायला पेस्ट कंट्रोलवाला कोणी तयार नाही, दोघांना फोन करून झाले. आणि खरं सांगायचं तर मारायचं जिवावरही येतंय, पण पोरीला चावलं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. कोणी स्वतः काढलंय का? कसं काढलं ते नीट सांगा प्लीज.

माडाखालचा:
दादा सगळ्यात आधी काकांना फोन लाव आणि चूड नको म्हणून सांग. आजच सांग. आमच्या वाडीत एकाने असंच केलं होतं, मांगराच्या वाशाला पोळं होतं, चूड वर धरली, माश्या खाली आल्या, चारपाच चावल्या तशी त्याच्या हातातून चूड सुटली ती थेट पेंढ्याच्या उडवीत. विहिरीवरून कळश्या आणून आणून आम्ही विझवलं तोपर्यंत अर्धं छप्पर गेलं होतं. गुरं बाहेर होती म्हणून वाचली. पावसाळ्यात वरून कौल ओलं दिसतं पण आतला वासा, रीप, आढं कोरडंठाक असतं हे लोक विसरतात. रॉकेल ओतणं पण तसलंच, लाकूड ते पिऊन बसतं आणि खाली समई लावणार तुम्ही.

मी आमच्याकडची तीन पोळी साबणाच्या पाण्याने काढलीत, ते सांगतो. झाडांना फवारायचा दोन लिटरचा हातपंप मिळतो ना, तो घ्यायचा, त्यात भांडी घासायचं लिक्विड लिटरला तीनचार चमचे. नोझल असं फिरवायचं की फवारा नको, धार यायला पाहिजे, सातआठ फूट लांब जाणारी. भिंतीवर आधी मारून बघ. वेळ रात्रीची, अंधार पडून तासदीड तास झाल्यावर, तोपर्यंत बाहेर गेलेल्या सगळ्या परत येऊन पोळ्यावर बसतात आणि सुस्त असतात. टॉर्चला डेकोरेशनचा लाल जिलेटिन पेपर दोन घड्या करून रबराने लावायचा, त्यांना लाल उजेड जवळपास दिसत नाही. आणि टॉर्च हातात धरायचा नाही!! बाजूला स्टुलावर ठेवायचा, कारण उठल्याच तर त्या उजेडाकडे येतात, मग हातावरच येणार. पडवीतला बल्ब बंद.

अंगात जाड फुल शर्ट, त्यावर रेनकोट, पँट मोज्यात खोचलेली, डोक्याला हेल्मेट आणि मानेभोवती टॉवेल, मान आणि मनगट ह्याच जागा उघड्या राहतात. शिडीवर चढू नको, आठ फुटावर जमिनीवरूनच धार पोचते. माझ्या मते माशी चावण्यापेक्षा माशीला घाबरून शिडीवरून पडण्यात जास्त माणसं जायबंदी होतात. पोळ्याच्या बरोबर खाली उभं नाही राहायचं, बाजूला, आणि पाठीमागे पळायला वाट मोकळी, तिथे चपला बादल्या काही नको. पहिली धार पोळं जिथे वाशाला चिकटतं तिथे आणि मग पूर्ण पोळं भिजेपर्यंत थांबायचंच नाही. साबणाने पाणी त्यांच्या अंगाला धरतं, पंख जड होतात, श्वासाची भोकं बंद होतात, टपटप खाली पडतात. खाली पडलेल्यांना अनवाणी पायाने किंवा हाताने हात लावू नको, मेलेली वाटली तरी डंख बसतो. सकाळी उजेडात लांब काठीला खुरपी बांधून देठ खरवडून काढ.

कीटकवेडी:
माडाखालचा यांनी पद्धत अगदी बरोबर सांगितलीय, मी फक्त ओळखीबद्दल लिहिते कारण फोटो न बघता लोक सगळ्याला गांधीलमाशी म्हणतात आणि भलत्यालाच मारतात.

तुम्ही जे वर्णन केलंय, उघडी षटकोनी भोकं, कागदासारखं राखाडी, एका बारीक देठावर लटकलेलं, ती कागदी पोळं करणारी गांधीलच. बारीक कंबर, उडताना मागचे पाय खाली लोंबतात. आपल्याकडे घरांच्या आडोशाला सर्रास दिसते त्यातली एक म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा, हिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कितीतरी वर्षं काम केलंय, कोण राणी होणार, ती गेली की तिची जागा कोण घेणार असं सगळं एकेका माशीला रंगाचा ठिपका देऊन पाहिलंय. थंड देशांत गांधिलींची पोळी हिवाळ्यात ओस पडतात, आपल्याकडे ही वर्षभर नांदते, त्यामुळे थांबा आपोआप जाईल हा सल्ला इथे चालत नाही.

मातीचं, लिंपल्यासारखं, चौकटीच्या कोपऱ्यात किंवा फोटोफ्रेमच्या मागे असतं ते कुंभारीण माशीचं घर. कीर्तनात अळी आणि भृंगीचा दृष्टांत ऐकला असेल ना, अळी भृंगीचं ध्यान करता करता भृंगीच होते, तो हिच्याचवरून आला. ती मातीच्या खोलीत आधी अंडं घालते, मग अळीला डंख मारून लुळी करते, आत कोंबते आणि दार लिंपते, आतलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं आणि एक दिवस भोक पाडून माशी बाहेर येते. बाहेरून बघणाऱ्याला अळीचीच माशी झाली असं वाटणार, किती बारीक निरीक्षण होतं त्या लोकांचं! कुंभारीण एकटी राहते, घर राखायला अंगावर येत नाही, हातात दाबली तरच चावते. तिला कृपा करून राहू द्या.

मेणाचं पोळं आणि त्यावर माश्यांचा थर असेल तर त्या मधमाश्या, त्यांच्यावर साबण बिबण अजिबात नको. पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, तिथे विचारलं की पोळं हलवणाऱ्या माणसाचा पत्ता मिळू शकतो. आणि झाडावर किंवा पत्र्याखाली फणसासारखा बंद कागदी गोळा असेल, एकच दार, माशी बोटाच्या पेराएवढी आणि पोटावर पिवळाकेशरी पट्टा, तर ती मोठी गांधील. त्याला घरच्या माणसाने हात लावायचाच नाही, कितीही रेनकोट घातला तरी.

तुमचं पोळं परसात झाडावर असतं तर मी म्हटलं असतं ठेवा, ह्या माश्या पिल्लांना भरवायला भाजीवरच्या अळ्या उचलून नेतात, परसबागेला त्यांचा फार उपयोग. पण चौदा माणसांच्या डोक्यावर नको, काढाच. फक्त गणपतीच्या आदल्या रात्री काढू नका, आठ दिवस आधी काढा, कारण त्या रात्री बाहेर राहिलेल्या दोनचार माश्या जागा शोधत तिथेच घिरट्या घालतात.

साताऱ्याची लेक:
काढायचं कसं ते सगळ्यांनी सांगितलंय, मी चावली तर काय ते सांगते कारण आमच्यावर वेळ आलेली आहे. माझ्या वडलांना मळ्यात एकदा गांधील चावली होती तेव्हा फक्त हात सुजला. दोन वर्षांनी परत चावली, एकच माशी, मानेवर, पाच मिनिटांत अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, घोगरा आवाज यायला लागला आणि मला गरगरतंय म्हणून ते बांधावर खालीच बसले. आई चुना लावत होती, शेजारचे काका लोखंड घासा म्हणत होते, भावाने कोणाचं न ऐकता गाडीत घालून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि दहापंधरा मिनिटांत श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतलं, म्हणाले काही तासांनी परत उलटू शकतं.

म्हणून हात जोडून सांगते, ज्या माणसाला आधी कधी चावल्यावर अंगभर खाज, सूज, दम लागणं असं काही झालंय त्याने त्या रात्री पडवीत पाऊलसुद्धा ठेवू नये, मग तो कितीही धाडसी असू दे. काकांना हे मुद्दाम विचारा, आपली माणसं स्वतःहून सांगत नाहीत. आईंना आणि मुलीला शेजारच्या घरी झोपवा. चावली तर साबणाने धुऊन बर्फ, अंगठ्या बांगड्या लगेच काढायच्या. माती, शेण लावायचं नाही, जखम चिघळते. गांधील काटा आत सोडत नाही, तीच एक माशी चारदा चावू शकते, त्यामुळे चावली की आधी तिथून लांब जायचं. झटकत हात मारत उभं राहू नका, पोळ्याजवळ माशी चिरडली की तिच्या विषाच्या वासानं बाकीच्या चवताळतात. तोंडात, घशात चावली, धाप लागली, उलटी झाली किंवा दहावीस डंख एकदम बसले तर १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल. खूप डंख बसलेल्याची लघवी पुढच्या दिवसांत चहासारखी झाली तर परत डॉक्टरकडे, विषाचा किडनीवर परिणाम होतो.

कोथरूड तिसरा मजला:
आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागे होतं, आम्ही झुरळांचा स्प्रे मारून काढलं, काम झालं पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, तो स्प्रे पेट घेतो त्यामुळे समई, उदबत्ती, गॅस सगळं बंद पाहिजे, आणि माशांच्या टाकीला तो फार वाईट, आमचे गप्पी मासे गेले. परत विचारलं असतं तर मी पण साबणाचंच पाणी वापरलं असतं. एक प्रश्न, त्याच जागी परत करतात का? आमच्याकडे दुसऱ्या वर्षी हातभर अंतरावर नवीन सुरू झालं होतं.

माडाखालचा:
@कोथरूड, जुनं पोळं काढलेलं असलं तरी ती जागा आडोशाची असते ना, त्यामुळे कोणीतरी नवीन येऊन सुरू करते. सुरुवातीला एकच माशी आणि तीनचार भोकं असतात, रुपयाएवढं, तेव्हाच संध्याकाळी काठीने पाडायचं. पंधरा दिवसांनी एकदा वर मान करून बघायची सवय ठेवली की पुढचं काहीच करावं लागत नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी:
मंडळी, काम झालं, उशिरा लिहितोय त्याबद्दल माफ करा, इथे गावी रेंज फक्त आंगणाच्या कोपऱ्यात येते.

काकांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांना चार वर्षांपूर्वी चावली होती आणि दम लागला होता, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. साताऱ्याची ताई, तुमचे उपकार. मग चुलतभावाने केलं, काकांना वरच्या घरी पाठवून. रात्री साडेआठला, पाऊस थांबलेला, मी व्हिडिओ कॉलवर होतो पण लाल उजेडात काही दिसत नव्हतं, नुसता पंपाचा आवाज आणि मग जमिनीवर पावसाचे मोठे थेंब पडावेत तसा आवाज, त्या पडत होत्या. दोन लिटर पूर्ण संपलं. एकही चावली नाही. सकाळी खरवडून काढलं, दोन दिवस पाचसहा माश्या त्या वाशाजवळ येऊन जात होत्या, तिसऱ्या दिवशी कोणी नाही. जागा साबणाने घासून घेतली.

ते पोळं भावाने माझ्यासाठी ठेवलं होतं. हातात घेतलं तर वजनच नाही, कागदच तो, आणि जवळून बघितलं तर त्यात राखाडीच्या चारपाच छटांच्या बारीक रेघा आहेत, वेगवेगळ्या लाकडाच्या. एक रेघ फिकट निळसर, तसाच रंग आमच्या मागच्या दाराला आहे, आजीने दिलेला, आता उडत आलाय. म्हणजे दार खरवडून आणलेलं दिसतंय. आजी म्हणायची, तेंका डिवचू नको, ती तुका काय करूची नाय. तिची पडवी रिकामी असायची, आमची भरलेली आहे, काय करणार.

आणि हो, चौरंग काढला तर त्याच्या मागच्या पायाला मातीचं लिंपण, तीन खोल्यांचं, दोन अजून बंद. कुंभारीण. आई पुसायला निघाली होती, मी थांबवलं. चौरंग तसाच उलट बाजूने लावलाय, माटवी बांधून झाली, कवंडळं आणि नारळ लटकवलेत, मुलगी रोज सकाळी मागे जाऊन खोलीचं दार उघडलं का बघते. अजून बंदच आहे.