मदत हवी आहे: जुनं पदक सापडलंय, पण नाव भलत्याच साहेबाचं!

माळ्यावरचा_पसारा: खापरपणजोबांच्या ट्रंकेत सोन्याचं पदक सापडलं. त्यावर 'जेम्स बर्कले' कोरलंय. आमच्याकडे आलं कसं? चोरीचं तर नसेल? काका रविवारी सराफाकडे आटवायला नेणार आहेत. लवकर सांगा.

सराफकट्टा: वजन किती? हॉलमार्क आहे का? कस लावून बघा, दोन मिनिटांचं काम.

निवृत्त_लिपिक: राणीच्या राज्यातल्या पदकावर हॉलमार्क शोधताय? कसोटीवर घासू नका, चिंच तर मुळीच लावू नका. मागे काय लिहिलंय?

माळ्यावरचा_पसारा: मागे 'एल. सी. ई.' आणि १८८, पुढचा आकडा झिजलाय. कडेवर खापरपणजोबांचं नाव, ते तर असणारच.

निवृत्त_लिपिक: "असणारच"! अहो, हेच आधी सांगायचं ना! बर्कले यांच्या स्मरणार्थ पदक, मिळालं तुमच्या खापरपणजोबांना. एल. सी. ई. ही मुंबई विद्यापीठाची सिव्हिल इंजिनिअरिंगची परीक्षा. विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे तुमचे खापरपणजोबा अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतले. १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्याहून याच परीक्षेत पहिले आले, त्यांनाही बर्कले यांच्याच नावाचं पारितोषिक होतं.

घाटमाथा: बर्कले म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य इंजिनिअर. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्यांच्या कारकिर्दीतली. बोरघाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली, ते आदल्याच वर्षी वारले. घाटात हजारो मजूर मेले, त्यांच्या नावाचं पदक कुठंय?

सराफकट्टा: त्यावर वेगळा धागा काढा. पसारा, कस नको तर पाण्यात तोला. वाटीभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. पदक दोऱ्यानं टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा, घनता मिळेल. साडेसतराच्या पुढे आलं तर बावीस कॅरेट, दहाच्या आसपास तर चांदीवर मुलामा.

कोकणकडा_९: माझी २००९ ची मार्कशीट हरवलीय. डुप्लिकेटसाठी विद्यापीठात कुठल्या खिडकीवर जायचं?

निवृत्त_लिपिक: इथे नाही. पसारा, परदेशात विकायच्या फंदात पडू नका. शंभर वर्षांवरची वस्तू, १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येईल.

माळ्यावरचा_पसारा: विकतंय कोण? तोललं. कोरडं ३५.४ ग्रॅम, पाण्यात काटा २ वर.

सराफकट्टा: १७.७. बावीस कॅरेट! कस लावला असता तर कालच कळलं असतं.

माळ्यावरचा_पसारा: काकांना सगळा धागा वाचून दाखवला. आटवणं रद्द. आता म्हणतात, असली वस्तू थोरल्या घरीच राहिली पाहिजे. थोरलं घर त्यांचं. यावर कुणाकडे काही उपाय?